मिठाचं चालत नाही

सोलापूर,
गुरुवार, दुपार

प्रिय शालन,

पत्र बघून तू चमकशील. तुझं घर माझ्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर, दोघींच्या हातात फोन, आणि मी नातवाच्या वहीतली पानं फाडून लिहायला बसले आहे. कारण फोनवर मला खोटं फार चटकन सुचतं. पेन हातात असलं की जरा अडखळायला होतं, आणि आज मला अडखळायचंच आहे.

आत्ता मी स्वयंपाकघरात बसले आहे आणि मला किळस आली आहे. शब्द मुद्दाम तोच वापरते. आधी समोर दिसतंय त्याचं सांगते. ओट्यावर नऊ लिंबं उघडीनागडी पडली आहेत. आमच्या अक्षताने, म्हणजे सूनबाईने, त्यांची साल किसणीवर किसून घेतली आहे. पिवळी तेवढीच घ्यायची, खालचं पांढरं लागलं की केक कडू होतो म्हणे. आठवड्यातला हा तिसरा केक. ओट्याला पिठीसाखरेचा चिकटा, पडद्यांना वास, आणि ही ओव्हनच्या काचेला डोळे लावून उभी, जसं काही आत कुणी बाळंत होतंय. केक बाहेर आला की त्यावर साखर विरघळवलेला लिंबाचा रस ओतायचा, मग फोटो, मग पुन्हा फोटो, मग माझ्यापुढे ताटली. रविवारी मी एक तुकडा तोंडात टाकला होता. भांडी घासायची वडी साखर लावून खाल्ल्यासारखं वाटलं. लिंबू कुठे घालावं याला काही धरबंध? सारात पिळावं, पोह्यांवर पिळावं, सरबत करावं, फार तर साखरलिंबू करून उन्हात ठेवावं. भाजायचं कसलं लिंबू! त्यातली एकच गोष्ट मला बघायला आवडली. दह्यात सोडा घालून त्यावर रस पडला की सगळं फसफसून वर येतं. आठवीच्या वर्गात तू हाच प्रयोग करायचीस आणि पोरी बाकांवर चढून बघायच्या. शेजारच्या वर्गात मी कविता शिकवत असायचे आणि माझा सगळा वर्ग भिंतीकडे कान लावून बसायचा.

लिंबं तुझीच आहेत. शनिवारी संध्याकाळी दीक्षा पिशवी घेऊन आली, चार डझन तरी असतील. आत ये म्हटलं तर टेम्पोवाल्याला गाठायचंय म्हणाली, दारातच उभी राहिली. "आईनं झाडावरचं सगळं उतरवलं. ही तुमच्या वाट्याची," एवढंच बोलली. खोदून विचारलं तेव्हा मला कळलं की घराचा व्यवहार झालाय आणि एकतीस तारखेला तू तिच्याबरोबर पुण्याला जाणार, कायमची. मला हे लेकीकडून कळावं, शालन? बत्तीस वर्षांची आपली ओळख, त्यातली एकोणतीस वर्षं एका स्टाफरूममध्ये शेजारशेजारच्या खुर्च्या, आणि तू स्वतः आली नाहीस. मला राग आला. रागावायला मी किती तयार असते ते तुला माहीत आहे. पण त्या रागाच्याही आधी, पिशवी हातात घेतल्या घेतल्या, मी आत हात घालून चाचपलं होतं. बरणी नव्हती. श्रावणात लिंबांबरोबर दर वर्षी येणारी लोणच्याची बरणी यंदा नव्हती, आणि मला हायसं वाटलं. ते हायसं वाटणं लक्षात ठेव. त्याच्यावर मला यायचंच आहे.

ते झाड हणमंतभाऊजींनी लावलेलं. नातेपुत्याहून कागदी लिंबाचं रोप मांडीवर घेऊन ते एसटीने आले होते आणि तू दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये सांगत होतीस, "आमचे हे रोपाचं अर्धं तिकीट काढायला निघाले होते." चौथ्या वर्षी फळ धरलं. पहिली लिंबं तू शाळेत आणलीस, सालीला नख लागलं तरी वास सुटायचा. मी सगळ्यांसाठी सरबत केलं होतं. साखर माझी, तांब्या माझा, पेले माझे, लिंबं तुझी. तेव्हापासून माझ्या घरात दुसरं लिंबू आलं नाही. सार तुझ्या लिंबांचं, साखरलिंबू तुझ्या लिंबांचं, पाहुण्यांनी वाखाणलं की मी सांगायचे, आमच्या शालनच्या झाडाची आहेत. मला ते सांगायला आवडायचं. आपली एक मैत्रीण शालन आहे आणि तिच्या अंगणातलं आपण खातो, हे चार लोकांत सांगताना मला मी फार चांगली बाई वाटायचे. चौदा एप्रिलचं शाळेचं भाषण तरी दर वर्षी कोण लिहायचं? मीच. महानंदाबाईंच्या लेखणीला धार आहे, असं हेडबाई म्हणायच्या आणि तू पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवायचीस.

आणि ती बरणी. पांढरी, तपकिरी गळ्याची, चिनी मातीची, तुझ्या आईची, काठाला एक टवका गेलेली. श्रावणात फडकं बांधून भरलेली यायची आणि आठ दिवसांत मी ती धुऊनपुसून परत करायचे. रिकामं भांडं देऊ नये म्हणून साखर भरून. आठ दिवसांत! एकदा तू म्हणालीस, "नंदा, तुमच्याकडं लोणचं लई लवकर संपतं की." मी म्हटलं, पोरं बोटं घालघालून खातात गं, मला काही उरत नाही. तू हसलीस. मला वाटलं तुला बरं वाटलं.

मी तुझ्या घरी किती वेळा आले असेन? वर्षातून चार-पाच वेळा तरी. आणि दर वेळी माझा उपवास असायचा. सोमवार, चतुर्थी, एकादशी, प्रदोष, मार्गशीर्षातला गुरुवार. एकदा साध्या बुधवारी आले तर नवस बोललेय म्हणून सांगितलं. मग तू माझ्यासाठी केळी आणून ठेवायला लागलीस. मी ते केळं स्वतःच्या हाताने सोलून खायचे आणि साल तुझ्या हातात द्यायचे. पाण्याची बाटली पर्समध्ये, कारण माझा घसा नाजूक. भाऊजी गेले त्या जूनमध्ये आले तेव्हा तू दारातच माझ्या गळ्यात पडलीस. मी तुझी पाठ चोळत होते आणि मला खरंच रडू येत होतं, ते खोटं नव्हतं, एवढं तरी मान. दीक्षाने पाण्याचा पेला पुढे केला. मी तो घेतला आणि बोलता बोलता खिडकीत ठेवून दिला. निघताना तो तिथेच होता, भरलेला, वर माशी बसलेली. दीक्षा तेव्हा बारावीत होती. तिने तो उचलून आत नेला आणि माझ्याकडे बघितलं नाही.

आता रविवारचं. आपल्या शाळेत चित्रकला शिकवायची ती रशीदा आली होती. सात रस्त्याला मुलाच्या, तौसिफच्या दुकानात आली की ती माझ्याकडे डोकावते. अक्षताने केक पुढे ठेवला. रशीदाने दोन तुकडे मिटक्या मारत खाल्ले आणि विचारलं, लिंबं कुठली? शालनच्या झाडाची म्हटल्यावर ती एकदम हसायलाच लागली. म्हणाली, "बाई, ते साल आठवतंय का? हणमंतभाऊ गेले ते साल. लोणच्यात मीठच नव्हतं की! मी दुसऱ्याच दिवशी फोन केला, शालनबाई, मीठ विसरलात. आधी हसल्या, मग फोनवरच रडल्या." आणि मग अगदी निरागसपणे माझ्याकडे वळून म्हणाली, "तुमचंबी त्याच पातेल्यातलं असणार. तुमी काय केलं, वरनं मीठ घातलं?" मी खोटं बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात मला रशीदाचा चेहरा बदललेला दिसला. तिला आठवलं होतं. मलाही आठवलं.

दिवाळीच्या सुट्टीआधी सगळा स्टाफ जमला होता. तुझा पहिलाच सण होता भाऊजींशिवाय. तुला धीर द्यावा म्हणून मी तुझ्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले होते, "शालनच्या हाताला देवानेच चव दिलीय. यंदाचं लोणचं तर काय मुरलंय! एवढं दुःख कोसळलं तरी हिच्या मीठमसाल्याचं माप चुकलं नाही." मीठमसाल्याचं! मराठीची बाई ना मी, नुसतं छान म्हणून भागत नाही, वाक्य सजवावं लागतं. तू माझ्याकडे बघितलंस. "आवडलं ना, मग झालं," म्हणालीस आणि हजेरीपट उचलून वर्गावर गेलीस. तास व्हायला अजून दहा मिनिटं होती. मला तेव्हा वाटलं, दुःखात आहे बिचारी, एकटीला बसायचं असेल.

रशीदाने ताटली खाली ठेवली. म्हणाली, "त्या सालापासनं बाई दर साल लोणच्यात काय ना काय नवीन घालायच्या. मी विचारलं एकदा. तर म्हणाल्या, कोण ओळखतंय बघते." मग ती पर्स घेऊन उठली. गेली तीस वर्षं दर ईदला ती मला शिरखुर्म्याचा डबा पाठवते. त्याचं काय व्हायचं ते तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर त्या दिवशी मी खरं सांगितलं असतं असं वाटतं, पण खात्री देत नाही.

तर आता लिहितेच. तुझं लोणचं मी कधी खाल्लं नाही. अठरा वर्षांत एकदाही नाही. वरचं फडकंसुद्धा सोडलं नाही. माझ्या आईचा एक नियम होता, कच्चं चालतं, मिठाचं चालत नाही. कुणाचं चालत नाही ते ती नाव घेऊन सांगायची नाही, आवाज खाली करून हनुवटीने गल्लीची दिशा दाखवायची. फळ घ्यावं, धान्य घ्यावं, पण मीठ लागलं की त्या अन्नाला करणाऱ्याचा हात चिकटतो, असं तिचं म्हणणं. मी शिकले, नोकरी केली, भाषणं लिहिली, आईचे बाकीचे सगळे नियम मोडले आणि त्याबद्दल स्वतःची पाठ थोपटून घेतली. हा एक आत राहून गेला. डोक्याने मी तो कधी मानला नाही, शालन. पण तुझी बरणी ओट्यावर आली की माझ्या घशाशी काहीतरी यायचं. फोडी कालवणारी तुझी बोटं डोळ्यांपुढे यायची. आणि हीच बोटं मी स्टाफरूममध्ये हातात धरून बसायचे, रिझल्टच्या दिवसांत तुझ्या बोटांना लागलेली लाल शाई माझ्या पदराने पुसायचे. त्याची कधी किळस आली नाही. मीठ लागलं की यायची. हे आज कागदावर वाचताना मला स्वतःची जी शिसारी येते आहे ती तुला कशी सांगू? आणि गंमत ऐक. त्या एका वर्षीच्या लोणच्यात मीठच नव्हतं. म्हणजे आमच्या नियमाने ते मला चालण्यातलं होतं. रविवारी संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना हे माझ्या लक्षात आलं आणि मला हसू फुटलं. मग हसू आवरेना, मग मी तशीच उठून आले.

मग बरण्यांतलं जायचं कुठे, हेही सांगते. आमच्या फुलाबाईच्या डब्यात. धुणंभांडी करून निघाली की मी तिला म्हणायचे, घेऊन जा, आम्हाला एवढं खपत नाही. अन्न वाया गेलं नाही, गरिबाच्या मुखी लागलं, म्हणून त्यातून थोडं पुण्यसुद्धा मी काढून घ्यायचे. सोमवारी सकाळी तिला समोर बसवून विचारलं, शालनबाईंच्या लोणच्याचं तुला काय आठवतं? ती बोटांवर मोजत सांगायला लागली. "बिनमिठाचं आठवतंय, त्येला बुरशी आली, टाकून दिलं. मग एक साल मिरी हुती. एक साल गूळ. एक साल आलं, त्ये लई झ्याक. मग ओवा. मग हिरवी मिरची. एका साली मनुकं हुतं, पोरांनी दोन दिसांत संपीवलं. आन एका साली लसूण."

लसूण, शालन! लसणाच्या वासाने माझं डोकं उठतं हे आपल्या शाळेच्या शिपायालासुद्धा ठाऊक. डब्यात कुणी लसणाची चटणी उघडली की मी ताट घेऊन खिडकीशी जाऊन बसायचे. त्या वर्षी मी तुला फोनवर काय म्हणाले? "अगदी माझ्या आवडीचं झालंय." तू नुसतं बरं म्हणालीस. विज्ञानाची बाई तू, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बाकी सगळं तेच ठेवायचं, हे मुलींना घोकून घ्यायचीस. सात वर्षं तू माझ्यासाठी तसंच करत होतीस. "यात लसूण कशाला गं घातलास?" एवढं एक वाक्य मी भांडून म्हणाले असते तरी तुला पुरलं असतं. मी दर वर्षी म्हणाले, छान. फुलाबाईला मी विचारलं, बुरशी आली तेव्हा मला का नाही सांगितलंस? तर म्हणाली, "दिल्यालं हुतं तुमी. दिल्याल्याला नावं कशी ठिवायची?" मग तिने तिचा चहा तिच्या कपात ओतून घेतला. तो कप वीस वर्षं खिडकीत वेगळा ठेवलेला असतो. आत्ताही समोर आहे. मंगळवारी मी तिला आमच्यातला कप दिला तर तिने तो धुऊन जागेवर ठेवला आणि आपला घेतला. तिच्याशी माझं वेगळं आहे, ते या पत्रात घुसडत नाही.

पण बोटांवर मोजून झाल्यावर फुलाबाई म्हणाली, "गेल्या सालचं मला न्हाय दिलं." खरंच होतं. गेल्या श्रावणात ती लेकीच्या बाळंतपणाला वैरागला गेली होती, दोन महिने आलीच नाही. बरणी मी मुलाकडून माळ्यावर टाकून घेतली होती, ही आली की बघू म्हणून, आणि विसरून गेले. साखर भरून परत करायचंही विसरले. सोमवारी दुपारी घरात कुणी नसताना फुलाबाईकडून ती खाली काढवली. वर धुळीचा थर, पण तू बांधलेली गाठ तशीच. मी फडकं सोडलं. वर्षभर मुरलेलं, तपकिरी काळसर, हिंगाचा वास. मी चमच्याने तळापर्यंत ढवळून बघितलं, या वेळी तू काय घातलंस ते. काही नव्हतं. मीठ, तिखट, हळद, मेथी, हिंग. पहिल्या वर्षांत करायचीस म्हणतात तसंच साधं. म्हणजे गेल्या वर्षी तू विचारायचंसुद्धा सोडून दिलं होतंस.

मग एक फोड तोंडात टाकली. आणि मला ओकारी आली. चव कळायच्याही आधी पोटातून उमाळा आला, मी बेसिनपर्यंत पोचले एवढंच. तुझ्या लोणच्यात काही वाईट नव्हतं. हे मला तुला सांगायचं नव्हतं, पण हेच सांगितलं नाही तर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. एकसष्ट वर्षांची बाई मी, मनाने ठरवलं, हाताने घास उचलला, आणि आत बसलेल्या आईने तो बाहेर फेकून दिला. तेवढ्यात अक्षता आली. "आई, पित्त झालं का? लिंबूपाणी देऊ?" म्हणाली. मी तोंड धुऊन जमिनीवरच बसून राहिले. मंगळवारी भाकरीच्या तुकड्यावर खाराचं एक बोट लावलं, डोळे मिटून गिळलं. राहिलं पोटात. बुधवारी अर्धी फोड, वर दोन पेले पाणी. आज जेवताना दोन फोडी घेतल्या, दहीभाताबरोबर, आणि आज पहिल्यांदा चव लागली. फोडी लोण्यासारख्या मऊ झाल्यात. साल कडू नाही. आधी आंबट लागतं, मग हिंग, तिखट मागून येतं आणि बराच वेळ राहतं. मेथी जराशी जास्त भाजली गेलीय. तुझ्या हाताला चव आहे हे मी अठरा वर्षं लोकांना सांगत आले, मला ते आज कळलं. आणि मेथीबद्दल मी तुला नावं ठेवतेय, बघ.

आता हे पत्र का लिहिलं ते. काल संध्याकाळी दीक्षाचा फोन आला. सामान बांधतेय, आजीची बरणी तुमच्याकडे राहिलीय का, असं विचारत होती. मी हो म्हटलं. मग ती आवाज खाली करून म्हणाली, "मी मागितली म्हणून आईला सांगू नका, मावशी. ती मागू नको म्हणते. म्हणते, दर वर्षी आठ दिवसांत परत येते, यंदा वर्ष झालं तरी आली नाही, म्हणजे नंदा या वेळी खात असंल." किती सोपं होतं, शालन. "हो गं, पुरवून पुरवून खातेय," एवढं म्हटलं असतं की तू ते समाधान घेऊन पुण्याला गेली असतीस आणि मी सुटले असते. वाक्य जिभेवर तयार होतं, सजवलेलं. त्याची जी किळस आली तिच्यापुढे केकबिक काहीच नाही. म्हणून तुला खरं सांगते. बरणी वर्षभर माळ्यावर पडून होती, फुलाबाई गावाला होती म्हणून. मी खात नव्हते. तू चांगलं समजलीस ते चूक होतं, ते घेऊन जाऊ नकोस. माफी मागत नाही, कारण तू ती लगेच देऊन टाकशील आणि मी लगेच पुन्हा चांगली बाई होईन. सोमवारी बारा वाजता तुझ्याकडे येते, जेवायला. श्रावणी सोमवार आहे, माहीत आहे मला. केळी आणून ठेवू नकोस. मी बाटली आणणार नाही, पाणी तुझ्याकडचंच पिईन. पोटाची खात्री अजून देता येत नाही, मध्येच उठावं लागलं तर लागेल, पण लपवणार नाही. तुला मला बघायचंच नसेल तर हे पत्र आणणाऱ्या फुलाबाईजवळ तसं सांग, मी ऐकेन. आणि दीक्षाला म्हणावं, आजीची बरणी टेम्पोत जायची नाही. रिकामी झाली की मी स्वतः पुण्याला घेऊन येईन, साखर न भरता. पण एवढ्यात नाही, लोणचं अजून संपलेलं नाही.

तुझीच, तू म्हणशील तर,
नंदा